सह्या दोनशे बारा, वॉर्डातले नऊ

इंदुरात राजेंद्रनगरहून विजयनगरला कामावर पोचायला २०१३ पूर्वी मला सव्वा तास लागायचा. आधी टेम्पो, मग नवलख्याला उतरून नगर सेवा. ती भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली की एका पायावर उभं राहायचं. मे २०१३ मध्ये आय-बस सुरू झाली. राजीव गांधी चौराहा ते निरंजनपूर, साडेअकरा किलोमीटर, ए. बी. रोडच्या मधोमध जाळ्या लावून बससाठी राखलेली वाट. पहिल्याच आठवड्यात मी घड्याळ लावून पाहिलं. घराच्या दारापासून ऑफिसच्या पायरीपर्यंत पन्नास मिनिटं.

मी एका खासगी फर्ममध्ये हिशेब बघते, म्हणून वेळसुद्धा मला जमा-खर्चात मांडायची सवय आहे. जाताना पंचवीस मिनिटं वाचली, येताना पंचवीस. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर जवळजवळ एकवीस तास. माझ्या मुलाची दहावी मी त्या तासांत करून घेतली. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांना संध्याकाळचं जेवण मी माझ्या हाताने भरवू शकले ते त्या तासांमुळे. गाडीवाल्याला तो रस्त्यातला अडथळा वाटत असेल, माझ्यासाठी तो मार्ग म्हणजे घरात जास्तीचा मिळालेला एक प्रहर होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की इंदूरचा बीआरटीएस, म्हणजे आमच्या बसची ही राखीव वाट, काढणार. भोपाळचा त्याच वर्षाच्या सुरुवातीला काढायला घेतला होता, त्यामुळे बातमी आभाळातून पडली असं म्हणता येणार नाही. मी ती सकाळी पोहे खाताना फोनवर वाचली आणि बसमध्ये चढले तेव्हा मला वाटलं होतं की आत गलका असेल. बस नेहमीसारखीच होती. कानात इयरफोन घातलेली मुलं, खिडकीला डोकं टेकून झोपलेला एक वॉचमन, मांडीवर डबा घट्ट धरून बसलेल्या दोन स्वयंपाकवाल्या बाया. मी शेजारणीला विचारलं, "वाचलंत का?" ती म्हणाली, "हो, बंद करणार आहेत म्हणे. आपल्याला कोण विचारतंय?"

त्या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण ते खरं होतं, आणि त्याची दुसरी बाजू त्याहून खरी होती. अकरा वर्षांत आम्ही तरी कुठे कुणाला काही सांगितलं होतं?

डिसेंबरात मी दोनशे पानी वही आणली. रेघा मारून चार रकाने केले : नाव, कुठून कुठे, फोन, सही. पाच संध्याकाळी विजयनगर ते भंवरकुआं अशा बसमध्येच फिरून सह्या गोळा केल्या. बस हलत असताना लोक वही गुडघ्यावर ठेवून सही करायचे, त्यामुळे निम्म्या सह्या वाकड्या आहेत. मॉलमध्ये कपडे विकणाऱ्या मुली, नर्सा, एक निवृत्त तारमास्तर, एलआयजी वसाहतीतल्या घरांमध्ये पोळ्या करायला जाणाऱ्या बाया, आणि भंवरकुआंच्या कोचिंग क्लासला जाणारी मुलं, ती तर झुंडीनेच. स्वयंपाकवाल्या बायांपैकी एकीने अंगठा लावू का विचारलं, मी स्टँप पॅड नेलं नव्हतं, म्हणून तिने माझ्याकडून आपलं नाव पेनाने लिहून घेतलं आणि त्याखाली एक फूल काढलं.

काही जणांनी सही केली नाही. एकाला भीती वाटली की हे सरकारच्या विरोधात आहे. एका बाईंना फोन नंबर द्यायचा नव्हता. आणि बरेच जण म्हणाले, "तुम्ही करताय ना, चांगलं आहे, करा." हे शेवटचं उत्तर मला तेव्हा आशीर्वादासारखं वाटलं होतं. सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तेच होतं, हे कळायला दोन महिने गेले.

दोनशे बारा सह्या झाल्या. पेपरांत आय-बसच्या रोजच्या प्रवाशांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास यायचा, त्या मानाने काहीच नाहीत, पण एका बाईने पाच दिवसांत केलेल्या. जानेवारीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पार्षदांकडे गेले. आमच्याकडे नगरसेवक कुणी म्हणत नाही, मराठी घरांतही पार्षदच.

त्यांच्या बैठकीत गर्दी होती. एका गल्लीचं ड्रेनेज, एका मुलाचा जातीचा दाखला, एका म्हाताऱ्यांची पेन्शन. प्रत्येकाचं ते ऐकत होते, फोन लावत होते, आणि लगेच काम होत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तो माणूस वाईट होता असं कुणाला वाटू नये. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी "भाभीजी, बसा" म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला, वही हातात घेतली आणि शांतपणे आठ-दहा पानं उलटली. मग विचारलं, "यातले माझ्या वॉर्डातले किती?"

मी मोजलं नव्हतं. रकानाच नव्हता तसा. तिथेच बसून आम्ही दोघांनी "कुठून" वाचत वाचत मोजले. नऊ निघाले. त्यातही दोन भाड्याने राहणाऱ्या मुली, एक खरगोनची, एक सेंधव्याची.

"या दोघींचं मत इथे आहे?"

"नसावं. त्यांच्या गावाला असेल."

"म्हणजे सात."

ते हे बोलले त्यात तुच्छता नव्हती. मी ट्रायल बॅलन्स जुळवताना जसं बोलते, तसं बोलले. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. त्यांच्या वॉर्डातल्या व्यापारी संघाची पत्रं. लेटरहेड, वर नोंदणी क्रमांक, खाली अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्या सह्या आणि जांभळा शिक्का. वर्षाला दोन-तीन तरी पत्रं, सगळ्यांत एकच मागणी, जाळी काढा. "हे लोक मला निवडणुकीच्या आधी भेटतात, नंतर भेटतात, दिवाळीला भेटतात. काम नाही झालं तर नावानिशी लक्षात ठेवतात. तुमचे दोनशे लोक उद्या बस बंद झाली तर कुणाला लक्षात ठेवतील? मला? त्यांना मी माहीतसुद्धा नाही."

इंदूरला पंच्याऐंशी वॉर्ड आहेत. निगमाची, म्हणजे महापालिकेची, निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. एका वॉर्डातला निकाल कधी कधी शे-दोनशे मतांवर फिरतो. बसमधला माणूस सकाळी एका वॉर्डात चढतो, सहा-सात वॉर्ड ओलांडतो, दुसऱ्याच वॉर्डात उतरतो. स्टॉपवर दहा मिनिटं उभा असतो तेवढ्यापुरता तो एका जागेचा. दुकान मात्र पन्नास वर्षं त्याच जागेवर. आमच्यात संख्या होती, पण ती शहरभर पसरलेली होती, आणि कुठल्याही एका माणसाला निवडून आणायला किंवा पाडायला ती पुरत नव्हती. हे मला कुठल्याही भाषणातून इतकं स्वच्छ कळलं नसतं, जितकं त्या नऊच्या आकड्यातून कळलं.

चहा संपल्यावर त्यांनी वही परत देताना म्हटलं, "भाभीजी, पुढच्या वेळी लेटरहेडवर आणा." मी बाहेर पडून चपला घातल्या तेव्हा माझे हात थरथरत होते. रागाने म्हणावं तर ज्याच्यावर रागवावं असा माणूस मला आत सापडला नव्हता.

तिथून मी घरी गेले नाही. पलासियाला उतरले आणि ज्या दुकानातून वीस वर्षं मिक्सर, पंखे, इस्त्री घेत आले त्या दुकानात गेले. काउंटरवरचे काका मला ओळखतात. मी सरळ विचारलं, तुमच्या संघाने जाळी काढायची मागणी केली आहे का? ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून. आणि मग त्यांनी दुकानाच्या पायरीवर मला उभं करून दाखवलं : पूर्वी गिऱ्हाईक गाडी इथे, या झाडाखाली लावायचं. मधली वाट बसला गेल्यावर गाड्यांना उरलेली लेन अरुंद झाली, थांबायची सोय गेली, पलीकडच्या बाजूचं गिऱ्हाईक तर चौकाला वळसा घालून यायलाच तयार नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत त्यांचा धंदा तिसऱ्या हिश्शाने बसला. मी त्यांची वही पाहिली नाही, पण दुकानात पूर्वी चार पोरं असायची आणि आता दोन आहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

संघाचं काम कसं चालतं तेही त्यांनी सांगितलं. दरमहा वर्गणी. पत्रं टाइप करायला एक अर्धवेळ मुलगा. एक वकील. आणि जो वर्गणी देत नाही त्याला सगळे ओळखतात, कारण सकाळचा चहा सगळे एकाच टपरीवर घेतात. "चार दिवस टाळाटाळ करेल, पाचव्या दिवशी लाजून देईल." माझ्या बसमध्ये असं कोण कुणाला लाजणार होतं? वर्षभर एकाच दांड्याला धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव मला माहीत नसतं.

त्यांच्याशी बोलून निघाले तेव्हा माझ्या मनातला एक शत्रू कमी झाला होता आणि ओझं वाढलं होतं. माझं गेलं तर महिन्याचे एकवीस तास जाणार होते. त्यांचं दुकान जात होतं. त्यांना अकरा वर्षं भांडायला पुरेसं कारण होतं. मला दोन महिने भांडायलाही रजा टाकावी लागत होती.

माझी भाची अर्थशास्त्रात एमए करते. रविवारी ती जेवायला आली तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं, तर ती आमटीचा वाडगा तसाच ठेवून म्हणाली, "मावशी, तू दोन महिन्यांत जे पाहिलंस ते आम्हाला एका पूर्ण पेपरला आहे." मॅन्कर ओल्सन नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच हे मांडलं होतं म्हणे. ज्यांचं हित एकवटलेलं आहे असा लहान गट लवकर संघटित होतो, कारण प्रत्येकाच्या पदरात पडणारा वाटा मोठा असतो आणि कोण काम करत नाही ते सगळ्यांना दिसतं. ज्यांचं हित विखुरलेलं आहे असा मोठा गट संघटित होतच नाही, कारण प्रत्येकाचा वाटा इतकासा, आणि दुसऱ्याने धडपड केली तरी फायदा आपल्यालाही मिळणारच. मग आपण कशाला? "तुम्ही करताय ना, चांगलं आहे, करा." मला ते वाक्य तेव्हा आठवलं आणि मी ताट सारून उठलेच.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. अँथनी डाउन्स म्हणून एकाने १९५७ मध्ये लिहिलं आहे की सामान्य मतदार सार्वजनिक प्रश्नांची माहिती काढत बसत नाही, यात त्याचा आळस नसतो. माहिती काढायला खर्च येतो, आणि त्याच्या एका मताने निकाल बदलायची शक्यता जवळजवळ शून्य, म्हणून माहिती न काढणं हाच त्याच्यापुरता शहाणपणा ठरतो. मी तिला म्हटलं, बाई गं, मग लोकशाही चालते कशी? ती म्हणाली, "ज्यांना माहिती काढणं परवडतं त्यांच्या दिशेने चालते." ती तेवीस वर्षांची आहे. हे वाक्य ती इतक्या सहज बोलली याचं मला वाईट वाटलं.

रात्री मी माझा हिशेब मांडला. झेरॉक्स आणि वही १८० रुपये. रिक्षा ६४०. अर्ध्या दिवसाच्या रजा चार. शिवाय एका मंगळवारी एका सरकारी कार्यालयाच्या जनसुनवाईत गेले होते, तिथे निवेदन घेतलं, नंबर दिला, तो नंबर आजही माझ्या पर्समध्ये आहे. समोरच्या बाजूला, मार्ग वाचला तर माझ्या वाट्याला येणारी बचत. मी एकटीने खर्च करायचा आणि बचत पन्नास हजारांनी घ्यायची. कुठलाही हिशेबनीस असा व्यवहार करू देणार नाही. तरी मी थांबले नाही, कारण एव्हाना मला हे समजून घ्यायचं होतं.

म्हणून हा रस्ता मुळात झाला कसा, तेही शोधलं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. इंदूरच्या आकाराच्या शहरांना मंजूर प्रकल्पाच्या निम्मे पैसे केंद्राकडून, २० टक्के राज्याकडून, शहराने घालायचे फक्त ३० टक्के. पुढच्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात लिहिलं होतं की रस्त्याची जागा वाहनं मोजून न देता माणसं मोजून द्यावी. किती योग्य वाक्य आहे ते! पण त्या वाक्यामुळे इंदुरात मार्ग झाला असं मला वाटत नाही. शंभरातले सत्तर रुपये बाहेरून येत होते म्हणून झाला. मिळणारे पैसे बांधायला होते. नंतर बस चालवायच्या, स्थानकं झाडायची, बंद पडलेलं दार दुरुस्त करायचं, आजूबाजूच्या वस्त्यांतून या मार्गापर्यंत लहान बस आणायच्या, हे शहराने आपल्या खिशातून करायचं. बांधलेल्या गोष्टीची फीत कापता येते. सुदामानगरहून दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या फीडर बसची फीत कोण कापणार?

मला वाटतं आमचा पराभव तिथेच ठरला होता. साडेअकरा किलोमीटरची एकच रेघ उरली, तिला फांद्या फुटल्या नाहीत. सुदामानगर, अन्नपूर्णा, खजराना इथल्या लाखो लोकांना त्या रेघेचा रोजचा उपयोग नव्हता, ए. बी. रोड ओलांडताना त्रास मात्र होता. मग त्यांनी आमच्या बाजूने का उभं राहावं? अहमदाबादचं जनमार्ग हे असंच राखीव बसमार्गाचं काम २००९ मध्ये सुरू झालं आणि वाढत वाढत शहरभर गेलं, आज तिथे ते काढायचं कुणी म्हटलं तर गल्लोगल्लीचे लोक विचारतील. दिल्लीचा तुकडा जेमतेम सहा किलोमीटरचा होता, तो काढला. पण भोपाळचा चोवीस किलोमीटरचा होता, तोही गेला, म्हणजे नुसत्या लांबीवर सगळं ठरत नाही. पुण्याच्या वाचकांना मी काय सांगू, त्यांनी २००६ पासून हे पाहिलं आहे.

जानेवारीतच मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. विचारलं एवढंच : गेल्या पाच वर्षांत या मार्गाविषयी आपल्याकडे किती निवेदनं आली, कुणाची, आणि त्यांत बस प्रवाशांच्या संघटनांची किती. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्यांनी मला चांगलं वागवलं. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. यादी मोठी असल्यामुळे फाइल येऊन पाहावी, आणि शेवटच्या प्रश्नासमोर एकच शब्द : निरंक.

मी जाऊन फाइल पाहिली. एका बाबूंनी टेबलाचा कोपरा मोकळा करून दिला. खाकी पुठ्ठा, हिरवी दोरी, कडा फाटलेले कागद, काहींना वाळवीची भोकं. व्यापारी संघ. रहवासी संघ. दुसरा रहवासी संघ. चौकात मुलगा गमावलेल्या एका बापाचं हाताने लिहिलेलं पत्र, ते मी दोनदा वाचलं, त्याने जाळीच्या फटीतून लोक रस्ता ओलांडतात ती जागा बंद करा म्हणून विनवलं होतं. पुन्हा व्यापारी संघ. कारने कामावर जाणाऱ्या काही सद्‌गृहस्थांचं सविस्तर, आलेख जोडलेलं पत्र, त्यात एका तासात किती गाड्या अडकतात आणि किती पेट्रोल जळतं याचा हिशेब. चांगला हिशेब होता, मी तपासला, बेरजा बरोबर होत्या. त्या हिशेबात बस होत्या, पण बसच्या आतली माणसं नव्हती. ती घालायला कुणी आलंच नव्हतं.

पन्नास हजार माणसं रोज ये-जा करत होती, आणि त्या पुठ्ठ्याच्या आत आम्ही नव्हतो. कुणी आमचा कागद फाडून टाकला नव्हता. आम्ही कधी लिहिलाच नव्हता. निर्णय घेणारा माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्यासमोर ही फाइल येणार होती. मला त्या टेबलाशी रडू आलं. बाबूंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

हे प्रकरण २०१३ पासूनच उच्च न्यायालयात जनहित याचिकांमध्ये चालू होतं. फेब्रुवारी २०२५ संपता-संपता मार्ग काढायची परवानगी मिळाली आणि लगोलग रात्रीच्या वेळी जीपीओ-शिवाजी वाटिकेच्या भागात जाळ्या काढायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथून गेले तेव्हा लोखंडी खांब मुळाशी कापलेले होते, चार बोटं उंचीचे बुंधे रस्त्यातून वर आलेले, त्यांच्या कापलेल्या तोंडांवर नवं लोखंड चमकत होतं. बस त्यांच्याजवळून हळूहळू गेली. पुढे एक कार आमच्या वाटेत शिरली, तिच्यामागे दुसरी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, नुसता ब्रेकवर पाय ठेवला. मी घड्याळ पाहिलं. त्या दिवशी घर ते ऑफिस एक तास दहा मिनिटं लागली.

जाळ्या गेल्या, स्थानकं मात्र महिनोन्‌महिने तशीच मधोमध उभी राहिली.

मी वही फेकली नाही. एप्रिलमध्ये दोनशे बारा जणांपैकी ज्यांचे नंबर लागत होते त्या सगळ्यांना फोन केले, रोज रात्री जेवण झाल्यावर पंधरा-वीस. जाळी परत येणार नाही हे मी प्रत्येकाला आधीच सांगितलं. पण बस तर आहे ना? ती किती मिनिटांनी येते, कुठे थांबते, स्टॉपला सावली आहे का, रात्री नऊनंतर शेवटची बस कधी, भाडं कधी वाढतं, हे सगळं अजून ठरतंच आहे आणि ठरवणाऱ्याच्या समोर पुन्हा तीच फाइल आहे. प्रवाशांचा संघ काढू या. मध्य प्रदेशात सोसायटीची नोंदणी १९७३ च्या अधिनियमाखाली होते आणि तिला किमान सात जण लागतात. सातच.

राजेंद्रनगरच्या बगिच्यात रविवारी सकाळी आठला बोलावलं. बावीस जणांनी येतो म्हटलं होतं, पाच आले. पाचांत मी, माझी भाची, तारमास्तर, मॉलमधली एक मुलगी, आणि वहीत फूल काढणारी ती स्वयंपाकवाली बाई, जिने त्या दिवसाचं एक काम बुडवलं होतं. मला भाचीने सांगितलेलं सगळं आठवत होतं, त्यामुळे न आलेल्यांवर मी चिडले नाही. चिडून उपयोग नसतो हे आता मला माहीत होतं. आलेल्यांना काय देता येईल ते मात्र ठरवलं : दर सोमवारी बसच्या वेळांचा बदल, बंद पडलेल्या गाड्या, पासची माहिती असा एक मेसेज, तो फक्त सभासदांना. वर्गणी महिना वीस रुपये. आणि बसमध्ये सभासद दिसला की नावाने हाक मारायची. पलासियाच्या काकांच्या चहाच्या टपरीचं काम ही हाक करेल असं मला वाटतं. निदान मी तरी रोज मारते.

पुढच्या बैठकीला निवृत्त तारमास्तरांच्या भावजय आल्या, सहा झाले. नव्या वहीत आता पाच रकाने आहेत. पाचवा वॉर्डाचा. बऱ्याच जणांना आपला वॉर्ड ठाऊक नसतो, तेव्हा आम्ही फोनवर शोधून तिथेच लिहितो आणि कागदाच्या चिठ्ठीवर त्यांना पार्षदांचं नावही लिहून देतो. चाळीस नावं झाली आहेत, सतरा वॉर्डांतली.

नोंदणीच्या अर्जासाठी सातवं नाव मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. सेंधव्याची ती मुलगी, पार्षदांनी जिला नऊतून वजा केलं होतं. गीता भवनच्या स्टॉपवर तिनेच मला हाक मारली, "काकू, तुमचं ते संघाचं काय झालं?" मी सांगितलं एक जण कमी आहे. ती जरा घुटमळली. म्हणाली, "पण माझं मत इथे नाहीये ना. आणि परीक्षा पास झाले तर वर्षभरात मी जाईन." मी पर्समधून अर्ज काढून स्टॉपच्या बाकावर पसरला. वाऱ्याने उडत होता म्हणून तिने त्यावर आपला डबा ठेवला. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसाय, सही. दोघींनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मत कुठे आहे असा रकाना त्यात नव्हता. तिने व्यवसायाच्या जागी "विद्यार्थिनी" लिहिलं, पत्त्यात भंवरकुआंच्या हॉस्टेलचा खोली क्रमांक, आणि पेन थांबवून विचारलं, "इथे रोजची प्रवासी असंही लिहू का?"

मी म्हटलं, लिही.